पडद्यावरील शर्यत आणि मनावरील ताण

खेळाने ताण हलका व्हावयाचा की वाढावयाचा, असा प्रश्न आजचा विषय वाचून पुष्कळ श्रोत्यांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. दिवसभर कचेरीत किंवा कॉलेजात डोके शिणवून घरी आलेला तरुण विरंगुळा म्हणून संगणकासमोर बसतो, मोटारींच्या शर्यतीचा खेळ सुरू करतो, आणि तासाभराने उठतो तेव्हा त्याचे तळहात घामाने ओले असतात, मान आखडलेली असते, आणि कोणी चार शब्द बोलावयास गेले तर तो वसकन अंगावर येतो. घरातील वडील मंडळी म्हणतात, "इतका त्रास होतो तर मग खेळतोस कशाला?" त्यावर त्याच्यापाशी धड उत्तर नसते. ते उत्तर त्याच्या वतीने शोधण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे. कारण या ताणाचे मूळ खेळणाऱ्याच्या स्वभावात आहे त्याहून अधिक खेळाच्या रचनेत आहे, असे आमचे मत झाले आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन केले पाहिजे. पूर्वीचे संगणकावरील खेळ बहुधा एकट्याने यंत्राशी खेळावयाचे असत. आजच्या ऑनलाईन शर्यतीत वीस-पंचवीस जिवंत माणसे आपापल्या घरी, आपापल्या देशात बसून एकाच मार्गावर एकाच वेळी मोटारी पळवितात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका कंपनीने २००८ साली 'आयरेसिंग' नावाचा असा खेळ लोकांना खुला केला. त्यातील पुष्कळसे मार्ग खऱ्या मार्गांची लेसर किरणांनी मोजणी करून तयार केलेले आहेत, इतके की खऱ्या रस्त्यावरचा उंचवटा पडद्यावरही जागच्या जागी लागतो. जपानमध्ये १९९७ साली जन्मलेल्या 'ग्रान तुरिस्मो' या खेळमालिकेनेही २०१७ च्या आवृत्तीपासून अशा सामन्यांवर भर दिला. हौशी खेळाडू टेबलाला खरे स्टिअरिंग बसवितात, पायाशी पेडल ठेवतात. हे कौशल्य पोरखेळाचे नाही. 'ग्रान तुरिस्मो'च्या खेळाडूंतून खरे शर्यतपटू निवडण्याची एक स्पर्धा २००८ साली सुरू झाली. तिचा पहिला विजेता, स्पेनचा लुकास ऑर्दोनेझ, पुढे २०११ साली फ्रान्समधील ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरला आणि त्याची जोडी-मंडळी आपल्या वर्गात दुसरी आली. आपल्याकडील तरुणाला खरी शर्यत करावयाची तर चेन्नई, कोइम्बतूर किंवा दिल्लीजवळचे ग्रेटर नोएडा गाठावे लागते, आणि खर्च तर विचारूच नये. तेव्हा त्याने आपल्या खोलीतील टेबलालाच मोटार मानले, यात नवल नाही.

आता ताणाकडे वळू. सामान्य समजूत अशी की, हा ताण वेगाचा असतो. ती समजूत टिकत नाही. तोच खेळाडू त्याच मार्गावर एकटाच ताशी अडीचशे किलोमीटरने गाडी हाकीत असेल तर त्याला एक प्रकारची समाधीच लागते. त्याच्यामागे दुसरी गाडी आली की समाधी मोडते. म्हणजे ताण वेगाचा नसून सोबतीचा आहे. ही गोष्ट मनोविज्ञानाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि गंमत अशी की ती प्रथम ध्यानात आली तीही शर्यतीमुळेच. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकन संशोधकाने १८९८ साली सायकलपटूंच्या वेळांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकट्याने घड्याळाविरुद्ध धावणाऱ्यापेक्षा दुसऱ्याबरोबर धावणारा अधिक वेगाने जातो असे त्याला आढळले. मग त्याने चाळीस मुलांना मासेमारीच्या गळाचे रीळ फिरवावयास दिले, कधी एकट्याने, कधी जोडीने चढाओढीत. निम्मी मुले चढाओढीत अधिक चपळ झाली. पण दहा मुले उलट बिघडली. त्यांचे हात ताठरले, हालचाली झटक्याझटक्याने होऊ लागल्या, आणि एकट्याने जमत होते तेही जमेना. उरलेल्या दहांवर फारसा परिणाम झाला नाही. त्या दहा बिघडलेल्या मुलांना आम्ही या व्याख्यानाचे नायक समजतो. ती मुले आळशी नव्हती. त्यांना जिंकावयाची इच्छा कमी नव्हती, बहुधा जास्तच होती.

शरीराचा भागही सांगितला पाहिजे. हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली दाखवून दिले की भय आणि क्रोध या दोन्ही प्रसंगी शरीर एकच तयारी करते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन रक्तात उतरते, नाडी जलद होते, पचन मंदावते, स्नायूंकडे रक्त धावते. लढावयाचे किंवा पळावयाचे, यांसाठी ही सिद्धता. आता विचार करा. पडद्यावरील शर्यतीत ही सगळी सिद्धता होते, आणि ज्याच्यासाठी ती झाली तो मनुष्य खुर्चीत बसून बोटाएवढी हालचाल करीत असतो. कबड्डी खेळलेला मुलगा दमतो, घाम गाळतो आणि ढाराढूर झोपतो. या मुलाच्या शरीराने भरलेली बंदूक तशीच राहते. रात्री साडेअकराला शर्यत संपल्यावर एक वाजेपर्यंत त्याचा डोळा लागत नाही, याचे कारण पुष्कळ अंशी एवढेच आहे.

पण एवढे तर सर्वच चढाओढीच्या खेळांबाबत म्हणता येईल. मोटारशर्यतीच्या खेळात आणखी काही निराळे आहे, आणि तेच आम्हाला विशेषेकरून सांगावयाचे आहे. खऱ्या मोटारशर्यतीत दोन गाड्या दोन वीत अंतराने ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने वळणात शिरतात. हे शक्य कसे होते? दोघेही शूर असतात म्हणून नव्हे. दोघांनाही मरणाचे भय असते, आणि दुसऱ्यालाही ते आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते, म्हणून. त्या सामाईक भयातून एक अबोल विश्वास निर्माण होतो: मी तुझ्यासाठी एक गाडीभर जागा सोडीन, तू माझ्यासाठी सोड. पडद्यावरील शर्यतीत वेग आला, वळण आले, चढाओढ आली. भय मात्र काढून टाकले गेले, आणि भयाबरोबर तो विश्वासही गेला.

हे आमचे नुसते तर्कट नव्हे. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीने जगभरच्या मोटारशर्यती बंद पडल्या, तेव्हा अमेरिकेतील नॅसकार आणि इंडीकार या संस्थांनी आपले खरेखुरे शर्यतपटू घरोघरी संगणकासमोर बसवून आयरेसिंगवर शर्यती भरविल्या आणि त्या टेलिव्हिजनवर दाखविल्या. हा अनायासे घडून आलेला एक प्रयोगच म्हटला पाहिजे. माणसे तीच, कौशल्य तेच. फक्त मरणाचे भय तेवढे वजा केलेले. परिणाम काय झाला? २ मे २०२० रोजी इंडियानापोलिसच्या आभासी मार्गावर इंडीकारची या मालिकेतील शेवटची शर्यत झाली. तीत भाग घेणाऱ्या सिमाँ पाजेनो यांनी आदल्याच वर्षी त्याच मार्गावरची खरी पाचशे मैलांची शर्यत जिंकली होती. शर्यत संपत आली असता फॉर्म्युला वनचे लँडो नॉरिस आघाडीवर होते. पाजेनो त्यांच्या वाटेत एकाएकी मंद झाले आणि नॉरिस यांची गाडी त्यांच्यावर आदळली. आपल्याला नॉरिस यांना केवळ थोडे मंद करावयाचे होते, असे पाजेनो यांनी नंतर सांगितले. शेवटच्या फेरीत आणखीही धडका झाल्या आणि त्या गोंधळातून स्कॉट मॅक्लॉक्लिन पहिले आले. खऱ्या मार्गावर साडेतीनशे किलोमीटरच्या वेगात यांपैकी कोणाही सुज्ञ शर्यतपटूने असे 'थोडे मंद' करण्याचे मनातही आणले नसते.

त्याच सुमारास, ५ एप्रिल २०२० रोजी, ब्रिस्टलच्या आभासी मार्गावर नॅसकारचे बबा वॉलेस सुरुवातीच्या धडकांना वैतागून शर्यत अर्ध्यावर टाकून उठले. "असल्या गोष्टी आपण मनावर घेत नाही" अशा अर्थाचे काही त्यांनी लोकांना कळविले. पण त्यांच्या एका पुरस्कर्त्या कंपनीने ते मनावर घेतले आणि त्यांच्याशी संबंध तोडला. खेळणाऱ्याला वाटते हा खेळच आहे. पाहणाऱ्याला तसे वाटेलच असे नाही.

मग भयाची जागा रिकामी राहिली, ती भरावयाची कशाने? खेळ रचणाऱ्यांनी ती आकड्याने भरली. आयरेसिंगमध्ये प्रत्येक खेळाडूला दोन आकडे चिकटविलेले असतात. एक सुरक्षिततेचा, दुसरा कौशल्याचा. 'ग्रान तुरिस्मो'तही अशीच जोडी आहे. एक चालकाचे मानांकन, दुसरे खिलाडूपणाचे. आयरेसिंगच्या डांबरी मार्गावर गाडी बाहेर गेली की १ गुण दंड, ताबा सुटून गरगरली की २, दुसऱ्या गाडीला जोराने धडकली की ४. किती वळणे निर्विघ्न पार पडली आणि त्यांत किती दंडगुण पडले, यांच्या प्रमाणावरून सुरक्षिततेचा आकडा ठरतो, आणि त्यावरून नवशिक्यापासून 'ए' वर्गापर्यंत परवाने मिळतात. येथपर्यंत सर्व ठीक. पण धडक झाली तर दोष कोणाचा, हे यंत्र पाहत नाही. मागून येऊन ठोकणाऱ्याला ४, आणि बिचारा सरळ चाललेला असतो त्यालाही ४. सुक्याबरोबर ओलेही जळते.

कंपनीच्या बाजूने बोलावयाचे तर हा नियम मूर्खपणाचा नाही. दोष ठरवणे यंत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे. आणि दोघांनाही दंड बसणार म्हटल्यावर शहाणा खेळाडू अविचारी माणसापासून चार हात दूर राहावयास शिकतो, जसे आपण रस्त्यात पिसाळलेल्या ट्रकपासून राहतो. शिवाय शेकडो शर्यतींची सरासरी काढली तर सावध माणसाचा आकडा वर आणि धसमुसळ्याचा खाली, हे सहसा होतेच. हिशेब बरोबर आहे. पण मनुष्य सरासरीत जगत नाही. तो आजच्या शर्यतीत जगतो. आज आपला अपराध नसता आपल्याला शिक्षा झाली, आणि अपराधी डोळ्यांदेखत पुढे निघून गेला, ही जळजळ सरासरी सांगून शमत नाही. या खेळांतील संतापाचा फार मोठा वाटा हरण्याचा नसून या अन्यायाचा आहे.

दुसऱ्या आकड्याची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. हंगेरीत जन्मलेले अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ अर्पाद एलो यांनी बुद्धिबळपटूंचे बळ मोजण्याची एक रीत बसविली, आणि जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती १९७० साली स्वीकारली. बलवानाला हरविले तर जास्त गुण, दुर्बळाकडून हरलात तर जास्त तोटा, आणि एकाने मिळविलेले ते दुसऱ्याने गमावलेले, हे तिचे सार. शर्यतीच्या खेळांतील कौशल्याचा आकडा याच वळणाचा आहे. चोवीस जणांच्या शर्यतीत ढोबळमानाने वरची निम्मी माणसे गुण मिळवितात आणि खालची निम्मी गमावतात. शिवाय खेळ आपल्याला आपल्याच तोडीच्या लोकांत बसवितो. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये कधी दुबळा गोलंदाज वाट्याला येतो आणि चार चौकार मारून मन प्रसन्न होते; येथे दुबळा भेटतच नाही, कारण आपण जिंकू लागलो की लगेच वरच्या लोकांत ढकलले जातो. खेळाडूला वाटते, हा आकडा म्हणजे शिडी आहे, रोज एक पायरी चढावयाची. वस्तुतः तो आकडा चढण्यासाठी नाहीच. माणसाची जागा हुडकून काढण्यासाठी आहे. आणि एकदा ती सापडली की मनुष्य कितीही रात्री जागला तरी तो आकडा थोडा वर, थोडा खाली, असा तेथल्या तेथेच झुलत राहतो. त्यात आणखी एक भर अशी की कमाई आणि तोटा मनाला सारखे लागत नाहीत. कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडले की तितक्याच लाभाच्या आनंदापेक्षा तितक्याच हानीचे दुःख जड असते. चाळीस गुण मिळाले, ते जेवताना विसरले. चाळीस गेले, ते अंथरुणात आठवतात.

आणि हे दोन आकडे एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. कौशल्याचा आकडा कानात सांगतो, "फट दिसते आहे, घुस." सुरक्षिततेचा आकडा दुसऱ्या कानात सांगतो, "मागे राहा, चार गुण जातील." निर्णय करावयास वेळ असतो अर्धा सेकंद. सर्वांत बिकट अवस्था पहिल्या वळणावर होते. सगळ्या गाड्या एकाच वेळी एका अरुंद जागेत शिरतात. पहिल्याने ब्रेक लावला की दुसऱ्याला त्याच्या आधी, तिसऱ्याला त्याच्याही आधी लावावा लागतो, आणि पंधराव्या गाडीला तर वळण दिसण्यापूर्वीच. सरावाच्या वेळी जेथे ब्रेक लावला तेथेच येथे लावणारा एक जरी निघाला की पाच-सहा गाड्यांचा ढीग झालाच म्हणून समजा. त्यातून खऱ्या मोटारीत गाडी घसरू लागल्याचे पाठीला आणि आसनाला आधी कळते. येथे पाठीला काहीच कळत नाही. डोळे, कान आणि स्टिअरिंगमधली मोटर हाताला देईल तेवढा हिसका, यांवरच सारी भिस्त. बाकीची इंद्रिये रजेवर असल्यामुळे उरलेल्यांवर कामाचा बोजा पडतो.

आता एक गोष्ट अशी आहे की ती बहुतेक खेळाडूंनाही नीटशी ठाऊक नसते, आणि ठाऊक झाली तर निम्मी भांडणे मिटतील. शेजारची गाडी पडद्यावर जेथे दिसते तेथे ती नसते. पुण्यात बसलेल्या खेळाडूची शर्यत जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या सर्व्हरवर चालू आहे असे धरू. अंतर सरळ रेषेत सुमारे साडेसहा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. म्हणजे एका बाजूने जावयासच एक तीसांश सेकंद लागतो, आणि समुद्राखालच्या तारा काही सरळ रेषेत टाकलेल्या नसतात. सर्व मिळून एक दशांश सेकंदाचा उशीर सहज होतो. ताशी दोनशे किलोमीटरने जाणारी मोटार तेवढ्यात साडेपाच मीटर पुढे सरकते. मोटारीची स्वतःची लांबीही एवढी नसते! तेव्हा संगणक काय करतो, तर दुसऱ्या गाडीचा शेवटचा ज्ञात वेग आणि दिशा पाहून ती आता कोठे असेल याचा अंदाज बांधतो आणि तेथे तिचे चित्र काढतो. सरळ रस्त्यावर अंदाज जुळतो. ब्रेक लावताक्षणी तो चुकतो. मग पुण्यातल्या पडद्यावर टक्कर झालेली दिसते, आणि लिस्बनमधल्या पडद्यावर दोन गाड्यांत हातभर अंतर असते. दोघेही एकमेकांना लबाड म्हणतात. दोघेही खरे बोलत असतात. जोडणी मुळातच तुटली तर सगळेच संपले. जानेवारी २०२३ मध्ये ल मांच्या आभासी शर्यतीत मॅक्स वर्स्टापेन आघाडीवर असता खेळातून फेकले गेले, तेव्हा त्या जगज्जेत्याने आयोजकांना जे काही सुनावले ते आम्ही येथे उद्धृत करीत नाही.

सगळेच शर्यतीचे खेळ असे छळतात असे मात्र नाही. निन्टेन्डो कंपनीच्या 'मारिओ कार्ट'मध्ये मागे पडलेल्याला जबरदस्त हत्यारे मिळतात, आणि आघाडीवरच्याला हुडकून काढणारे एक निळे कवच १९९६ पासून भल्याभल्यांना शेवटच्या वळणावर लोळवीत आले आहे. शुद्ध अन्याय! पण त्याने रक्त फारसे तापत नाही, कारण तो उघड आहे आणि आळीपाळीने सर्वांच्या वाट्याला येतो. ल्यूडोत हरलेला फाशाला शिव्या देतो आणि पुन्हा मांडणी करतो. बुद्धिबळात हरलेल्याला दोष द्यावयास फासा नसतो. शर्यतीच्या गंभीर खेळांनी नशीब हद्दपार केले आणि खेळाडूला आपल्या अपयशासह एकटे सोडले.

येथे पालकांच्या मनातील एका शंकेचे निरसन करणे अवश्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजार म्हणून आपल्या वर्गीकरणात घातले आहे आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, हे खरे. पण त्याची लक्षणे निराळी आहेत: खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व व्यवहारांपेक्षा खेळाला वरचढ मानणे, नुकसान दिसत असूनही थांबता न येणे, आणि हे सर्वसाधारणपणे वर्षभर चाललेले असणे. शर्यत हरून चिडचिडलेला मुलगा त्या सदरात बसत नाही. शाळेच्या संघातून वगळला गेला तर तो असाच चिडला असता.

घरातील खरा खटका निराळ्याच ठिकाणी उडतो. आई स्वयंपाकघरातून हाक मारते, "पान वाढलंय, ये." मुलगा म्हणतो, "पाच मिनिटं." तिला वाटते, हा टाळतो आहे, खेळ थांबवून यावयास काय हरकत आहे? एकट्याने खेळावयाचा खेळ थांबविता येतो. हा थांबत नाही. चोवीस माणसे धावत असतात. मध्येच उठला तर दोन्ही आकडे घसरण्याचा धोका, आणि चाळीस मिनिटांचा सराव वाया. उलट बाजूने, मुलाला हे सांगता येत नाही, कारण सांगावयास लागले तरी लक्ष उडते आणि गाडी भिंतीवर जाते. अशा घरात "बंद कर ते" या वाक्यापेक्षा "तुझी शर्यत किती वाजता संपते?" या प्रश्नाचा उपयोग अधिक होतो. त्याला उत्तर ठाऊक असते. शर्यतीची वेळ मिनिटांत ठरलेली असते.

मुरलेल्या खेळाडूंनी आपापले उपाय काढले आहेत. कोणी पहिल्या वळणावर मुद्दाम लवकर ब्रेक लावतात आणि दोन जागा दान करतात. पुढे ढीग झाला की पाच जागा आपोआप परत मिळतात. कोणी सर्वांच्या मागून निघतात. कोणी रात्री दोनच शर्यती असा नियम करतात, आणि दुसरी हरली तरी तिसरी खेळत नाहीत. हा नियम सांगावयास सोपा आणि पाळावयास फार कठीण आहे. पण आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक जुनाच उपाय, तो म्हणजे मंडळ काढणे. वीस-तीस ओळखीचे खेळाडू एकत्र येतात, आठवड्यातला एक वार आणि वेळ ठरवितात, आणि दर वेळी त्याच माणसांशी शर्यत करतात. ज्याला आज ढकलले तो पुढच्या रविवारी पुन्हा शेजारी उभा असणार, हे प्रत्येकाला ठाऊक असते. तेव्हा मरणाच्या भयाने जे साधत होते ते येथे पुष्कळसे लाजेने साधते. अशा मंडळांत तक्रार आली तर दोन-तीन अनुभवी सभासद दुसऱ्या दिवशी त्या प्रसंगाचे चित्रण दोन्ही गाड्यांच्या बाजूंनी पुन्हा पाहतात, तारेच्या उशिराचाही विचार करतात, आणि निकाल लिहून कळवितात. दोघांनाही ४ गुण, असा निकाल तेथे क्वचितच लागतो. तोवर रात्र मध्ये गेलेली असते, आणि तक्रार करणाऱ्यांपैकी काही जण सकाळी उठून आपणहून ती मागे घेतात.